राहावं लागतं की राहावंसं वाटतं?

पुण्यातल्या १२० खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलचं प्रशासन सांभाळणाऱ्या मॅडमनी विचारलंय: "आमच्याकडे नर्सेस दीड-दोन वर्षांच्या वर टिकत नाहीत. पगार आजूबाजूच्या हॉस्पिटलांइतकाच देतो, एक वर्षाचा बाँड आहे, नर्सेस डेला कार्यक्रम करतो. तरी हॉस्पिटल आपलं आहे असं त्यांना वाटत नाही. ही आपुलकी कशाने येते?"

मॅडम, "आपलं वाटत नाही" असं तुम्ही लिहिलंत, म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसले. बहुतेकांचा प्रश्न "टिकत नाहीत, काय करू" एवढाच असतो आणि त्यावर बाँड एकाचा दोन वर्षांचा करायचा, हे उत्तर त्यांनी आधीच काढलेलं असतं. मी १९८८ साली जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून पुण्यात स्टाफ नर्स म्हणून लागले. पुढे वॉर्ड इनचार्ज झाले, मग मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख. दोन ट्रस्टची आणि एक कॉर्पोरेट, अशी तीन हॉस्पिटलं झाली. या काळात कितीतरी मुली आल्या आणि गेल्या. काही माझ्या चुकीमुळे गेल्या, तेही पुढे सांगते.

कॅनडातले जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये माणूस नोकरीला का धरून राहतो याची तीन वेगळी कारणं मांडली. मी ती आमच्या इनचार्जना मराठीतून अशी सांगायचे: राहावंसं वाटतं, राहावं लागतं, राहायला हवं. नर्सिंगमध्ये ही तिन्ही रोज दिसतात. शिक्षणाचं कर्ज आहे, बाँड आहे, मूळ सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात आहेत, म्हणून ती राहते, तेव्हा तिला राहावं लागतं. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलने बिलात सवलत दिली, इनचार्ज बाईंनी आठ दिवस सांभाळून घेतलं, आता लगेच सोडून जाणं बरं दिसत नाही, हे राहायला हवं. आणि उद्या दुसरीकडे दोन हजार जास्त मिळत असले तरी या वॉर्डातून पाय निघत नाही, हे राहावंसं वाटणं.

हजेरीच्या मस्टरवर तिघीही सारख्याच दिसतात. फरक रात्री तीन वाजता कळतो. राहावं लागणारी मुलगी सांगितलेलं काम करते, त्यापलीकडे बघत नाही. पेशंट "जरा वेगळा" वाटतोय हे तिच्या लक्षात येतं, पण बोलून दाखवायचं तिच्या मनात येत नाही. बाँड संपतो त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा राजीनामा येतो आणि आपल्याला धक्का बसतो. खरं तर रुजू झाली त्या दिवसापासून ती तारीख तिच्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये असते.

आता मुद्द्याची गोष्ट. नर्सला हॉस्पिटल आपलं वाटतं ते नंतर, आधी वॉर्ड आपला वाटतो. कुठल्याही सिस्टरला विचारा, कुठे असता? "मी मेल मेडिकलला," "मी पीआयसीयूत." हॉस्पिटलचं नाव दुसऱ्या वाक्यात येतं. तिचा दिवस चांगला की वाईट हे तीन माणसांवर ठरतं: तिची इनचार्ज, तिला सोडवायला येणारी पुढच्या ड्युटीची सिस्टर, आणि तिचा फोन उचलणारा किंवा न उचलणारा डॉक्टर. संचालकांचं भाषण, भिंतीवरचं ध्येयवाक्य, लॉबीतलं नवं ग्रॅनाइट यातलं काही तिच्यापर्यंत पोचत नाही. संस्थेचा तिच्याशी जो काही संबंध येतो, तो वॉर्डातूनच येतो.

कोविडमध्ये हे मला लख्ख दिसलं. ९ मार्च २०२० ला पुण्याच्या नायडू हॉस्पिटलमध्ये राज्यातले पहिले दोन पेशंट सापडले आणि पुढच्या काही महिन्यांत आम्ही सगळ्यांनी वॉर्डच्या वॉर्ड बदलून टाकले. आमच्याकडे शेजारशेजारच्या दोन मजल्यांवर दोन कोविड वॉर्ड होते. पगार तोच, पीपीई किट तेच, डबे एकाच कँटीनचे. एका वॉर्डात राजीनाम्यांची रांग लागली, दुसऱ्यातून एकही गेली नाही. दुसऱ्या वॉर्डची इनचार्ज पहिल्या दिवशी स्वतः किट घालून आत गेली, कोणाच्या घरी म्हातारी माणसं आहेत, कोणाचं बाळ अंगावर पितंय याची यादी करून तिने ड्युट्या लावल्या, आणि रोज संध्याकाळी प्रत्येकीच्या घरी एक फोन केला. बाकी तिने काही केलं नाही. त्या वॉर्डातल्या मुली आजही पंचमीला एकत्र जमतात. त्यातल्या निम्म्या आता दुसरीकडे नोकरी करतात.

म्हणून तुम्हाला आधी ड्युटी लिस्ट तपासायला सांगते. बाहेरच्या माणसाला तो एक तक्ता वाटतो. नर्ससाठी त्यात तिचं महिन्याभराचं आयुष्य असतं: मुलाची परीक्षा, सासूबाईंची डोळ्यांची तारीख, नवऱ्याची शिफ्ट, गावाकडची जत्रा.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या इनचार्ज बाई लिस्ट पेन्सिलने करायच्या. महिन्याच्या पंधरा तारखेला टेबलावर एक वही उघडी ठेवायच्या, ज्याला जो दिवस हवा त्याने लिहायचा. वीस तारखेला लिस्ट पेनाने उतरवून लागायची आणि त्यानंतर विचारल्याशिवाय एक अक्षर बदलायचं नाही. गौरी-गणपतीत सगळ्याच मराठी मुलींना गौरीजेवणाला घरी जायचं असतं. आमच्याकडे कोट्टायमच्या तीन सिस्टर होत्या. त्या गौरीच्या दोन्ही दिवशी ड्युटीला उभ्या राहायच्या आणि नाताळच्या नाईट सातारा-सांगलीच्या मुली घ्यायच्या. हा करार कुठे लिहिलेला नव्हता. बाईंनी तो पहिल्या वर्षी घडवून आणला आणि पुढे नव्या मुलीही तो पाळायला लागल्या. ओणम बहुतेकदा गणपतीच्याच आसपास येतो, त्यामुळे केरळच्या मुली काय सोडून उभ्या राहतात हे आम्हाला कळत होतं.

पुण्यात विसर्जनाचा दिवस हा ड्युटी लिस्टची परीक्षाच असतो. लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रस्ता बंद, पीएमपी वळवलेली, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चाललेली. रात्री आठला सुटलेल्या सिस्टरने धायरीला किंवा हडपसरला जायचं कसं? एका हॉस्पिटलमध्ये त्याला "तुमचं तुम्ही बघा" हे उत्तर होतं. दुसऱ्या ठिकाणी दोन रिकाम्या खोल्या राखून ठेवायचे, रात्रीचं जेवण द्यायचे आणि सकाळी गाडीने सोडायचे. पालख्या मुक्कामाला येतात त्या दोन दिवशीही तेच. वर्षातून तीन-चार रात्रींचा खर्च, पण त्या मुली ती गोष्ट वर्षानुवर्षं सांगत राहायच्या.

लिस्टमध्ये तीन गोष्टी तपासा. पहिली, नाईट संपवून सकाळी आठला घरी गेलेला दिवस तुमच्याकडे "ऑफ" धरतात का? बऱ्याच ठिकाणी धरतात. त्या दिवशी ती झोपलेली असते, तो सुट्टीचा दिवस कसा होईल? हा हिशेब प्रत्येक नर्सच्या मनात असतो आणि तो तिला फसवल्यासारखा वाटतो. दुसरी, सलग किती नाईट? मी चारच्या वर जाऊ देत नसे आणि त्यानंतर दोन पूर्ण दिवस मोकळे. तिसरी, "डबल", म्हणजे सलग दोन पाळ्या, किती आणि कोणाच्या वाट्याला? दर महिन्याला त्याच चार मुलींची नावं येत असतील, तर त्या चौघी हॉस्टेलवर राहणाऱ्या, लग्न न झालेल्या, नाही म्हणू न शकणाऱ्या असतात. त्याच सगळ्यांत आधी जाणार.

आणि मंजूर केलेली रजा परत मागू नका. हे मी अनुभवावरून सांगते. एका मुलीच्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाची रजा मी दीड महिना आधी मंजूर केली होती. लग्नाच्या तीन दिवस आधी दोघी एकदम आजारी पडल्या आणि मी तिची रजा कापली. ती लग्नाला गेलीच, नियमाप्रमाणे तिला मेमो मिळाला, परत आल्यावर तिने राजीनामा ठेवला. पंधरा दिवसांत तिच्या बॅचच्या आणखी दोघी गेल्या. मी तेव्हा स्वतःला समजावलं की वॉर्ड चालवायचा होता, इलाज नव्हता. इलाज होता. मी स्वतः दोन इव्हनिंग उभी राहू शकले असते.

ही वेळ येते ती माणसं कमी असतात म्हणून, आणि इथे तुमच्यासारख्या प्रशासकांनी कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं. ३० खाटांचा साधा वॉर्ड घ्या. सहा पेशंटमागे एक नर्स धरली तर एका पाळीला पाच, तीन पाळ्यांना पंधरा. इथेच बहुतेकांचा हिशेब संपतो. पण प्रत्येकीला आठवड्याची सुट्टी आहे, म्हणजे सातही दिवस पंधरा जागा भरायला साडेसतरा माणसं लागतात. त्यावर आजारपण, हक्काची रजा, बाळंतपण, ट्रेनिंग. म्हणूनच सुट्ट्या आणि रजा मिळून मूळ पंधरांवर ३० टक्के राखीव माणसं धरण्याची पद्धत आहे, म्हणजे एकूण साधारण वीस. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक, हे याच्या बाहेरचं. तीस खाटांना वीस नर्सेस ऐकल्यावर संचालक मंडळ दचकतं. मग तेरा-चौदा मंजूर होतात आणि उरलेल्या सहा जणींचं काम डबल ड्युटीतून काढलं जातं. त्या तेरा-चौदा जणींना हॉस्पिटल आपलं वाटावं ही अपेक्षा मग कशाच्या बळावर करायची?

लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. नर्समागे सरासरी एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली, आणि नर्स मनाने पार थकून जाण्याची २३ टक्क्यांनी. हे दोन आकडे एकाच अभ्यासातले आहेत, आणि माझ्या मते ते एकमेकांत गुंतलेले आहेत. नर्स कष्टाला घाबरत नाही. पेशंटची कूस बदलून द्यायची राहिली, सलाईन संपून रक्त उलटं चढलं, आजोबा पाणी मागून मागून गप्प झाले आणि आपण पोचलोच नाही, हे घरी घेऊन जाणं तिला सहन होत नाही. रोज आपल्या हातून अर्धवट काम होतंय ही बोच जिथे असते, ती जागा कोणालाच आपली वाटत नाही.

याला जोडूनच, नर्सचे तास कुठे जातात ते एकदा घड्याळ लावून बघा. मेडिक्लेमच्या फायली, फार्मसीचे रिटर्न, इंडेंट, लिनन मोजणं, डिस्चार्जचं बिल अडकलंय म्हणून चार वेळा खाली फोन. कॅशलेसची मंजुरी संध्याकाळपर्यंत येत नाही आणि नातेवाइकांचा सगळा राग सिस्टरच्या अंगावर येतो, जिचा त्या मंजुरीशी काडीचा संबंध नाही. एका हॉस्पिटलमध्ये मी भांडून प्रत्येक मजल्यावर दिवसपाळीला एक वॉर्ड क्लार्क मिळवला. त्याचा पगार नर्सपेक्षा कमी होता आणि त्याने प्रत्येक सिस्टरचा तासभर तरी पेशंटकडे परत दिला.

आता तिच्या शब्दाला किंमत असण्याबद्दल, कारण ड्युटी लिस्टच्या खालोखाल मी यालाच मानते. रात्री दोनला सिस्टरला दिसतं की पेशंटचा श्वास वाढलाय, ऑक्सिजन उतरतोय, माणूस थोडा भ्रमल्यासारखा बोलतोय. ती आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, फोन करते. "बघतो, सलाईन चालू ठेवा." तासाने पुन्हा फोन, आवाजात वैताग. सकाळी पेशंट आयसीयूत जातो आणि राउंडला सर विचारतात, "सिस्टर, रात्री काय करत होतात?" हे दोनदा घडलं की ती तिसऱ्यांदा फोन करत नाही. चौथ्यांदा ती नोकरी शोधते.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणपद्धत आणली, न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाची. श्वासाची गती, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, यांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. सात किंवा जास्त म्हणजे तातडी. आम्ही ती ताप-नाडी-श्वास नोंदवायच्या टीपीआर चार्टच्याच पाठीमागे छापून घेतली आणि मेडिकल डायरेक्टरांच्या सहीने एक नियम काढला: बेरीज सात झाली की सिस्टरने आरएमओला कळवायचं आणि पंधरा मिनिटांत तो पोचला नाही तर थेट कन्सल्टंटला फोन करायचा, कोणाचीही परवानगी न घेता, कितीही वाजलेले असोत. सुरुवातीला दोन-तीन मोठ्या डॉक्टरांनी कुरकुर केली. डायरेक्टर ठाम राहिले. पहिल्या महिन्यात एका तेवीस वर्षांच्या मुलीने पहाटे चारला एका ज्येष्ठ सर्जनना उठवलं. पेशंटला आतून रक्तस्राव होत होता. सर आले, ऑपरेशन झालं, आणि दुपारी ते वॉर्डात येऊन सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन म्हणाले की तुम्ही उठवलंत म्हणून हा माणूस आहे. ती मुलगी पुढे सहा वर्षं आमच्याकडे होती. तिला त्या काळात जास्त पगाराचे दोन ठिकाणचे निरोप आलेले मला माहीत आहेत.

चूक झाल्यावर काय होतं, हेही याच पोटातलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडून शेजारशेजारच्या दोन पेशंटमध्ये अदलाबदल झाली, दोघांचं आडनाव एकच होतं. एकाचं अँटिबायोटिक दुसऱ्याला गेलं. हातपाय गार पडले. मी बाईंना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पेशंट कसा आहे?" मग माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आल्या, रात्रभर दर तासाला बीपी घ्यायला लावलं. पेशंटला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाच आडनावाचे पेशंट लांब ठेवायचा आणि त्यांच्या केसपेपरवर लाल पट्टी लावायचा नियम केला. मला त्या एवढंच म्हणाल्या की आता ही पट्टी तू रोज तपासायची. त्या वॉर्डात मी अकरा वर्षं काढली.

पुढे एका दुसऱ्या ठिकाणी मी उलट पाहिलं. चूक करणारीचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे, पगारातून औषधाचे पैसे कापायचे. वर्षभरात इन्सिडंट रिपोर्ट शून्यावर आले आणि ऑडिटच्या वेळी तो आकडा अभिमानाने दाखवला गेला. त्या काळात चुका थांबल्या नव्हत्या, फक्त आमच्यापर्यंत येणं थांबलं होतं. तुमच्याकडे महिन्याला एकही रिपोर्ट येत नसेल तर त्याची काळजी करा.

सुरक्षिततेवर थोडं. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये तळघरात कपडे बदलायला गेलेल्या तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर मे २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. शेवटच्या काळात ज्या मुली त्यांना भरवत होत्या, त्यातल्या कितीतरी जणी १९७३ मध्ये जन्मल्याही नव्हत्या. राहायला हवं या भावनेचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही. पण तुम्ही प्रशासक आहात, म्हणून त्या घटनेतली पहिली ओळ पुन्हा वाचायला सांगते: कपडे बदलायला तळघरात. तुमच्या नर्सेस कपडे कुठे बदलतात ते आज जाऊन बघा. आतून कडी आहे का, उजेड आहे का, तिथे जायच्या वाटेवर माणसं असतात का. नर्सेसवर हात उगारला गेला तर महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा पोलिसांत तक्रार हॉस्पिटल स्वतःच्या नावाने करतं. "मिटवून टाका सिस्टर, पेशंट मोठ्या घरचा आहे" हे वाक्य ज्या वॉर्डात एकदा बोललं गेलं, तिथल्या सगळ्या मुलींना ते पाठ होतं.

पगाराबद्दल मुद्दाम उशिरा लिहितेय, कारण तो कमी असताना बाकीचं सगळं बोलणं तोंडदेखलं वाटतं, आणि तो पुरेसा असला तरी त्याने आपुलकी येत नाही. "आजूबाजूइतकाच" हे माप सोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली: २०० हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या त्याच श्रेणीच्या नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर त्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी नको, ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांहून कमी नको, आणि ५० च्या आत असलात तरी किमान २० हजार. तुम्ही १२० खाटांचे. तुमचं माप हे. शिवाय पाच वर्षं राहिलेलीला काल आलेलीपेक्षा जेमतेम हजार रुपये जास्त मिळत असतील तर तुम्ही तिला महिन्याच्या महिन्याला सांगताय की तुझ्या पाच वर्षांचं मोल एवढंच. बाँड काढून टाका, मूळ सर्टिफिकेटं आजच्या आज परत द्या. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पाळणाघर देणं कायद्यानेच आलं. पुण्यात आजी-आजोबा गावाकडे असणाऱ्या मुलींसाठी बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेनंतर परत यायचं की नाही, हे बहुतेकदा या पाळणाघरावरच ठरतं.

आता हे सगळं ज्या एका माणसाच्या हातून होतं, तिच्याकडे या. वॉर्ड इनचार्ज कशी निवडता? बहुतेक ठिकाणी सर्वांत जुनी किंवा मॅनेजमेंटला उलट न बोलणारी. मी निवडताना एकच बघायचे: नव्या मुली अडल्या की कोणाकडे जातात? त्या जिच्याकडे जातात ती आधीच इनचार्ज असते, तुम्ही फक्त पद द्यायचं. मग तिला अधिकार द्या. लिस्ट तिची, दोन दिवसांपर्यंतची रजा तिने मंजूर करायची, आपल्या वॉर्डातली सिस्टर दुसऱ्या वॉर्डात पाठवायला ती नाही म्हणू शकली पाहिजे. रोजचे दोन तास तिला पेशंट देऊ नका. आम्हाला हे सगळं न शिकवता खुर्चीत बसवलं गेलं आणि आमच्या चुका मुलींना भोगाव्या लागल्या. १९८३ मध्ये अमेरिकेत सगळीकडे नर्सेसची टंचाई असताना ज्या हॉस्पिटलांकडे नर्सेस ओढल्या जात होत्या आणि टिकत होत्या अशी ४१ हॉस्पिटलं अभ्यासकांनी शोधली. त्यांच्यात सारखं काय होतं ते बघितलं तर नर्सिंगची प्रमुख वरच्या निर्णयात बसत होती, नर्सला पेशंटच्या काळजीत स्वतःचा निर्णय घेता येत होता, आणि ड्युटीचे तास जुळवून घेता येत होते. तुमच्या मॅनेजमेंट मीटिंगला मेट्रन बसतात का? बसत असतील तर बोलतात का?

काही मुली तरीही जातील. डीएमईआरची, म्हणजे राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याची, भरती निघाली, एम्सच्या नॉर्सेट या नर्सभरतीच्या परीक्षेत नाव आलं, जर्मनीसाठी बी टू ही भाषेची परीक्षा झाली, तर ती गेलीच पाहिजे. बीड-लातूरच्या शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलीला कायमची सरकारी नोकरी लागते तेव्हा तिचं अख्खं घर वर येतं. तिला बेइमान म्हणू नका, नोटीस पिरियडवरून छळू नका. शेवटच्या दिवशी अनुभवाचा दाखला हातात द्या, वॉर्डात चहा करा. माझ्याकडच्या चांगल्या मुलींपैकी कितीतरी जणी अशाच गेलेल्या मुलींनी पाठवलेल्या होत्या: "तिथे जा, बाई चांगल्या आहेत." आणि का गेलीस हे राजीनाम्याच्या दिवशी विचारू नका, तेव्हा सगळ्या "घरगुती कारण" सांगतात. दोन महिन्यांनी मेट्रननी फोन करावा. तेव्हा खरं कळतं.

१२ मेचा नर्सेस डेचा कार्यक्रम जरूर करा. फक्त त्यासाठी नाईट संपवलेल्या मुलींना अकरापर्यंत थांबवून ठेवू नका.

तुम्ही विचारलंत म्हणून एक काम सांगते. गेल्या तीन महिन्यांच्या, सगळ्या वॉर्डांच्या, लावल्यानंतर खाडाखोड झालेल्या मूळ ड्युटी लिस्ट मागवा. कॉम्प्युटरवरची स्वच्छ प्रत नको, भिंतीवर असलेलीच. प्रत्येक खोडलेल्या नावापुढे विचारून बदललं की न विचारता, ते मेट्रनबरोबर बसून लिहा. मग गेल्या वर्षातले राजीनामे वॉर्डाप्रमाणे शेजारी मांडा. आणि एका संध्याकाळी पावणेआठला, कोणाला न कळवता, सगळ्यांत जास्त खाडाखोड असलेल्या वॉर्डात हँडओव्हर चालू असताना कोपऱ्यात उभ्या राहा. येणारी मुलगी जाणारीला काय विचारते ते ऐका. तिथून पुढचं बोलायला मी हॉस्पिटलमध्ये यायला तयार आहे.